जेल लिफ्ट होतंय आणि बोटांना खाज येतेय: नवीन लॅम्प घ्यायच्या आधी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही विचारलंय की क्लायंटचं जेल पॉलिश चार-पाच दिवसांत कडेने उचलतंय, तर जास्त वॉटचा लॅम्प घ्यावा का, अ‍ॅसिड प्राइमर (जेलची पकड वाढवायला आधी नखाला लावतात तो द्रव) सुरू करावा का, सगळं एकाच ब्रँडचं पाहिजे का, आणि ई-फाइल (नख घासायचं विजेचं मशीन) घ्यायची तर कोणती बघावी. आणि अगदी शेवटी, जाता जाता म्हणावं तसं, लिहिलंय की हल्ली बोटांच्या टोकांना खाज येते, कातडी कोरडी पडून फाटते, बहुतेक सॅनिटायझरमुळे असेल.

मी त्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करते. मला विचाराल तर तुमच्या अख्ख्या प्रश्नात तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि लिफ्टिंग आणि खाज या दोन गोष्टी तुम्हाला वेगळ्या वाटतायत पण त्यांचं मूळ एकच असायची बरीच शक्यता आहे, ते म्हणजे नीट क्युअर न झालेलं (लॅम्पच्या प्रकाशात पुरतं घट्ट न झालेलं) जेल आणि स्किनला लागणारं जेल.

जेलमध्ये अ‍ॅक्रिलेट आणि मेथाक्रिलेट जातीची केमिकल्स असतात, काही लहान रेणू काही मोठे, आणि सोबत फोटोइनिशिएटर. बरोबर प्रकारचा प्रकाश पडला की इनिशिएटर फुटतो आणि हे सगळे रेणू एकमेकांना जोडले जाऊन घट्ट जाळं तयार होतं. एकदा पूर्ण जोडले गेले की ते सहसा कुणाला त्रास देत नाहीत. त्रास देतात ते सुटे राहिलेले रेणू, विशेषतः लहान, ज्यात हेमा हा मोनोमर सगळ्यात जास्त बदनाम आहे. ते स्किनवर परत परत लागत राहिले की शरीर कधीतरी त्यांना शत्रू म्हणून ओळखायला लागतं, आणि एकदा ओळखलं की ती अ‍ॅलर्जी साधारण आयुष्यभराची असते, काही महिने सुट्टी घेतली की गेली असं होत नाही. शिवाय हीच जातकुळी दातांच्या फिलिंगमध्ये, हाडांच्या ऑपरेशनमधल्या सिमेंटमध्ये, डायबेटिसच्या पेशंटना लावतात त्या ग्लुकोज सेन्सरच्या चिकटपट्टीत पण सापडते. म्हणजे प्रश्न फक्त कामाचा नाहीये, पुढे कधी दवाखान्यात जायची वेळ आली तर तिथेही हा विषय येऊ शकतो. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या डॉक्टरांच्या संस्थेने २०१२ साली अ‍ॅक्रिलेटला त्या वर्षीचा अ‍ॅलर्जन म्हणून पुढे आणलं होतं, तेव्हापासून स्किनचे डॉक्टर नेल टेक्निशियनच्या हातांकडे जास्त लक्ष देऊन बघायला लागलेत.

आता तुमची खाज अ‍ॅलर्जीचीच आहे असं मी म्हणत नाही, तसं फोटो बघूनही कुणाला सांगता यायचं नाही. सॅनिटायझर, अ‍ॅसिटोन, दिवसभर हात धुणं यानेसुद्धा कातडी फाटते. पण ज्या बोटांत तुम्ही क्लायंटचं बोट धरता, ब्रश पुसता, वाइप धरता, नेमकी त्याच बोटांची टोकं खाजत असतील तर थांबायलाच हवं. स्किनच्या डॉक्टरकडे जा, मी जेलचं काम करते हे स्पष्ट सांगा, बाटल्यांवरच्या घटकांचे फोटो घेऊन जा आणि अ‍ॅक्रिलेटची पॅच टेस्ट (स्किनवर थोडं केमिकल लावून बघायची टेस्ट) करता येईल का विचारा. मनाने मलम लावून काम चालू ठेवू नका, खाज दबते आणि आतून संवेदनशीलता वाढतच राहते.

हेमा-फ्री बाटली आणली की सुटलो असं बऱ्याच जणींना वाटतं. तसं नाही. हेमा नसेल तर त्या जागी दुसरं अ‍ॅक्रिलेट असतं, आणि एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याचीही होऊ शकते. युरोपियन युनियनने हेमा असलेल्या नेल प्रॉडक्टवर फक्त प्रोफेशनल वापरासाठी आणि अ‍ॅलर्जी होऊ शकते असं छापणं २०२० च्या नियमाने बंधनकारक केलं, तो इशारा बाटलीवर दिसला तर गांभीर्याने घ्यायचा. हल्ली टीपीओ-फ्री पण सगळीकडे दिसतं. टीपीओ हा फोटोइनिशिएटर युरोपियन युनियनमध्ये १ सप्टेंबर २०२५ पासून कॉस्मेटिकमध्ये बंद झाला, पण त्याचं कारण प्रजननावरच्या संभाव्य परिणामाचं वर्गीकरण होतं, अ‍ॅलर्जी नव्हे. त्यामुळे टीपीओ-फ्री वाचून स्किनला लागलं तरी चालतं असा अर्थ कृपया काढू नका.

स्किनला लागतं कुठे हे एकदा काम करताना स्वतःकडे बघून शोधा. ब्रशची बाजू बोटाला टेकते, कडेला गेलेलं जेल आपण नखाने किंवा अंगठ्याने साफ करतो, बाटलीच्या गळ्याला आलेलं जेल झाकण उघडताना लागतं, क्युअर झाल्यावरचा चिकट थर पुसलेला वाइप तोच उलटा करून परत वापरतो. आणि फाइल करताना उडालेली धूळ, जी जेल कच्चं असेल तर कच्च्या जेलचीच धूळ असते, मनगटावर आणि हातावर बसते. ग्लोव्हज घालते म्हणजे मी सेफ, असंही नाही. पातळ नायट्राइल ग्लोव्हमधून हे लहान रेणू काही मिनिटांतच आरपार जाऊ शकतात, लेटेक्स तर याहून वाईट. नायट्राइल घालायचेच, पण जेल लागलं की लगेच काढून नवीन घालायचे, संध्याकाळपर्यंत एकच जोडी चालवायची नाही.

आता लॅम्प. वॉट म्हणजे लॅम्प वीज किती खातो, नखावर उपयोगी प्रकाश किती पडतो ते नाही, आणि स्वस्त लॅम्पच्या खोक्यावरचा वॉटचा आकडा तर बऱ्याचदा वीज खाण्याशीसुद्धा जुळत नाही. जुने ३६ वॉटचे लॅम्प म्हणजे ९ वॉटच्या चार ट्यूब, त्या निळ्या पेटत राहतात पण वापराने त्यांचा यूव्ही कमी होत जातो म्हणून ठराविक काळाने बदलाव्या लागतात. एलईडी लॅम्प साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात चालतात, पण त्यात नेमकी कुठली तरंगलांबी, किती तीव्रता, दिवे कुठे बसवलेत, हात कुठे येतो, आणि तुमच्या जेलमधला इनिशिएटर कशाला प्रतिसाद देतो, हे सगळं जुळलं तर जेल पुरतं क्युअर होतं. जुळलं नाही तरी वरून कडक लागतंच, हीच खरी फसगत आहे. जेल पुरतं क्युअर व्हायच्या बरंच आधी हाताला टणक लागतं, चमकतं, क्लायंट खुश होऊन जाते, आणि तळाशी नखाला चिकटलेला थर अर्धवट राहिलेला असतो. तो पकड धरत नाही म्हणून लिफ्ट होतं, आणि त्यातलेच सुटे रेणू स्किनला त्रास देतात.

त्यामुळे १२० वॉटचा लॅम्प घेऊ का याला माझं उत्तर नाही, निदान वॉट बघून तरी नाही. तुमचं जेल ज्या कंपनीचं आहे ती कंपनी कुठला लॅम्प सांगते ते बघा आणि तोच घ्या, किंवा ज्या कंपनीचा चांगला लॅम्प तुमच्याकडे आहे तिचंच जेल वापरा. जास्त तीव्र लॅम्पने उलट त्रास होऊ शकतो, जेल भरकन जोडलं जातं, उष्णता एकदम बाहेर पडते आणि क्लायंट हात ओढून घेते, मग तो हात अर्धा बाहेर अर्धा आत राहून परत कच्चंच. बेस, कलर, टॉप आणि लॅम्प हे चार मी एकाच सिस्टिमचे ठेवते. नेल आर्टसाठी बाहेरचा एखादा पेंट जेल घेतला तर बारीक रेषेपुरता, कडेपासून लांब, आणि त्यावर टॉप कोट. एवढं कडक सगळ्यांना जमेलच असं नाही, पण किमान बेस आणि लॅम्पची जोडी तरी फोडू नका.

लॅम्पबाबत आणखी थोडं, कारण यात फुकटात सुधारणा होते. अंगठे वेगळे घाला. चार बोटांबरोबर अंगठा घातला की तो आडवा पडतो आणि त्याच्या एका बाजूला प्रकाशच पोचत नाही, तुमच्याकडे अंगठ्यांचं लिफ्टिंग जास्त असेल तर कारण बहुतेक हेच. पांढरा, काळा आणि निऑन रंग प्रकाश आत जाऊ देत नाहीत, ते दोन जाड कोट न देता तीन पातळ द्या. लॅम्पच्या आतल्या काचेवर, दिव्यांवर जेलचे डाग किंवा धूळ असेल तर बंद करून पुसा. आणि बाटल्या लॅम्पच्या तोंडासमोर किंवा खिडकीत उघड्या ठेवू नका. कच्चं राहिलंय याची खूण म्हणजे टॉप पुसल्यावर चमक जाते, रंगाला सुरकुत्या येतात, किंवा उचललेला तुकडा काढला की खालची बाजू मऊ आणि चिकट लागते.

पण सगळा दोष लॅम्पचा असेलच असं नाही. लिफ्टिंग कुठून होतंय ते नीट बघितलं तर नख स्वतःच सांगतं. क्युटिकलच्या बाजूने, म्हणजे नखाच्या मुळाकडून, उचलत असेल तर एक तर प्लेटवर (नखाच्या कडक पृष्ठभागावर) मेलेली क्युटिकल राहिली होती किंवा जेल स्किनवर वाहून तसंच क्युअर झालं होतं, स्किन हलते, तेल सोडते, आणि तिथून सगळं उघडायला लागतं. टोकाकडून उचलत असेल तर फ्री एज कॅप केली नव्हती (नखाच्या मोकळ्या टोकाच्या कडेवरून जेल फिरवलं नव्हतं), किंवा क्लायंट नखाने डबे उघडते, किंवा तिच्या मऊ नखाला ती लांबी झेपत नाहीये. बाजूंनी उचलत असेल तर साइडवॉलच्या, म्हणजे नखाच्या दोन्ही बाजूंच्या, खाचेत प्रेप (जेलच्या आधीची साफसफाई आणि घासणं) पोचलाच नाही. अख्खी पापडी एका तुकड्यात निघाली तर तेल, ओलावा, धूळ यापैकी काहीतरी किंवा कच्चा बेस. आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न हा की हे सगळ्या क्लायंटचं होतंय का एकीदोघींचंच. सगळ्यांचं असेल तर पद्धत किंवा प्रॉडक्ट, एकीचंच असेल तर तिची नखं, तिची औषधं, तिचं पाण्यातलं काम. काहींच्या नखांवर जेल टिकतच नाही, तसं असेल तर तिला मोकळेपणाने सांगून साधं पॉलिश लावावं, आपलं कौशल्य कमी पडलं असं त्यात काही नसतं.

क्युटिकलबद्दल सांगायचं तर प्लेटला चिकटलेला पातळ, पांढुरका, मेलेला पापुद्रा तेवढाच काढायचा असतो, त्याच्या मागची जिवंत स्किनची घडी कापायची नसते, ती आतल्या वाढत्या नखाचं रक्षण करते. निपर फक्त सुटलेल्या तुकड्यासाठी, ओढायचं नाही, कापून सोडायचं. निपरला धार नसेल तर हात आपोआप ओढायला लागतो, म्हणून चांगल्या स्टीलचा एक निपर घेऊन त्याला वेळेवर धार लावून घेणं हे चार स्वस्त निपरपेक्षा परवडतं. क्युटिकल रिमूव्हर बहुतेक तीव्र अल्कलाइन असतात, ते वापरल्यावर साबणाने नीट धुवून काढावे लागतात, नाहीतर त्याचाच अंश लिफ्टिंग करतो.

तुम्ही लिहिलंय की आधी हात कोमट पाण्यात भिजवता. जेल लावायचं असेल तर हे आजपासून बंद करा. नख पाणी शोषतं, फुगतं, त्याचा आकार किंचित बदलतो, त्यावर आपण कडक थर देतो आणि मग नख सुकून परत मूळ आकाराला येतं, थर मात्र त्याच्याबरोबर येत नाही. ड्राय मॅनिक्युअर करा. मसाज, क्रीम, क्युटिकल ऑइल सगळं शेवटी.

फाइलिंग हलकं. टोकाला आकार द्यायला १८० ग्रिट (फाइलचा खरखरीतपणा, आकडा कमी तितकी फाइल जास्त खरखरीत), प्लेटवरची चमक उडवायला २४० किंवा बफर, आणि १०० ग्रिट फाइल नैसर्गिक नखाला लावूच नका. पकड येण्यासाठी जास्त घासावं ही समजूत उलटी आहे. बोटाचं नख जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, ते पातळ केलं की जास्त वाकतं, आणि जास्त वाकणाऱ्या नखावरून जेल लवकर सुटतं. म्हणजे लिफ्टिंग होतंय म्हणून जास्त घासलं, म्हणून अजून लिफ्टिंग, म्हणून अजून घासलं. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पातळ केलेलं नख पूर्ण बदलायला चार ते सहा महिने जातात, तेवढा काळ ती क्लायंट तुमच्याकडे तेच नख घेऊन येणार. घासून झालं की धूळ ब्रशने झाडा आणि मग लिंट न सोडणाऱ्या वाइपने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. धूळ न झाडता भिंत रंगवली की पोपडे निघतात, इथेही तेच होतं. डिहायड्रेटरचा, म्हणजे नखावरचं तेल-ओलावा काढणाऱ्या अशा द्रवाचा, परिणाम थोडाच वेळ टिकतो, त्यामुळे दहाही नखांना लावून मग गप्पा मारत बसायचं नाही, आणि पुसलेल्या नखाला परत बोट लावायचं नाही.

आता अ‍ॅसिड प्राइमर. तुमच्या कामाला मी तो सुचवणार नाही. त्यात मेथाक्रिलिक अ‍ॅसिड असतं, स्किनला आणि डोळ्याला भाजतं, आणि त्याचा वापर मुख्यतः लिक्विड-पावडर अ‍ॅक्रिलिकसाठी. बऱ्याच जेल बेसना प्राइमर लागतच नाही, कंपनी सांगत असेल तर अ‍ॅसिड-फ्री, ब्रश टिशूवर टेकवून जवळजवळ कोरडा करून, फक्त प्लेटवर. आधीच बोटं फाटलेली असताना टेबलावर अ‍ॅसिड आणणं मला अजिबात पटत नाही.

म्हणजे इथपर्यंतचा क्रम असा: आधी स्किन आणि डॉक्टर, मग लॅम्प-जेल जोडी, मग कोरडा आणि हलका प्रेप, आणि प्राइमर नाहीच.

ई-फाइल घ्यावी का हे तुम्ही काय काम करता यावर आहे. फक्त जेल पॉलिश लावता-काढता, तर अजून घाई नाही. वरचा थर हाताने फाइल करून अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवला की नीट क्युअर झालेलं सोक-ऑफ जेल सैल होतं, नाही झालं तर परत गुंडाळायचं, पुशरने खरवडायचं नाही कारण त्याबरोबर नखाचे थर निघतात. इनफिल (नख वाढून मुळाशी झालेली रिकामी जागा भरणं), बिल्डर जेल (नखाला जाडी-लांबी देणारं घट्ट जेल), अ‍ॅक्रिलिक करणार असाल तर मग ई-फाइल हवी, आणि तेव्हा ३५,००० आरपीएमचा आकडा बघू नका, तेवढा स्पीड तुम्हाला लागणारही नाही. कमी स्पीडला किंचित दाब दिल्यावर मशीन अडखळतं का ते बघा, अडखळत असेल तर टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, कमी. हातात घेऊन थरथर बघा, कारण दिवसभर मनगटाला तीच सोसायची आहे. बिट (मशीनच्या पुढे बसवायचा घासणारा तुकडा) लावून फिरवल्यावर टोक एका जागी फिरतंय का डगमगतंय ते बघा. बिटचा दांडा बहुतेक मशीनला २.३५ मिलिमीटरचा लागतो. डावखुऱ्या असाल तर उलट दिशा असलीच पाहिजे.

बिटमध्ये जेल काढायला कार्बाइड किंवा सिरॅमिक, नैसर्गिक नखाजवळ फक्त बारीक डायमंड आणि कमी स्पीड. सिरॅमिक तापत नाही असं दुकानदार सांगतात, घर्षण झालं की सगळंच तापतं. बिट नखाला आडवा समांतर ठेवायचा, टोक खुपसायचं नाही, एका जागी थांबायचं नाही, नाहीतर क्युटिकलजवळ लाल चंद्रकोरीसारखी खाच पडते आणि ती नखाबरोबर वाढून बाहेर जाईपर्यंत दिसत राहते. काढताना बेसचा पातळ थर राहू दिला तरी चालतो, प्लेटपर्यंत जायची गरज नसते.

ई-फाइल आली की धूळ कित्येक पट वाढते, म्हणून ई-फाइलच्या आधी डस्ट कलेक्टरचे पैसे बाजूला ठेवा. तो हाताच्या अगदी जवळ धूळ ओढणारा हवा, टेबल फॅनने ती फक्त खोलीभर पसरते. मास्क एन-९५, चेहऱ्याला नीट बसणारा, पण तो धुळीसाठी, वास आणि वाफा त्याने थांबत नाहीत, त्याला खोलीतली हवा खेळती लागते.

हत्यारांच्या स्वच्छतेवर वेगळं लिहिता येईल, इथे तुमच्या खरेदीशी जोडलेलं तेवढंच सांगते. निळा दिवा असलेली छोटी कपाटं स्टरिलायझर म्हणून विकतात, त्यांनी हत्यारं स्टराइल होत नाहीत. आधी साबण-पाण्याने ब्रश करून धुणं, मग डिसइन्फेक्टंटमध्ये पूर्ण बुडवून लेबलवर दिलेला वेळ ठेवणं, आणि निपर-पुशरसारख्या स्टीलच्या वस्तूंना शक्य असेल तर ऑटोक्लेव्ह, ज्यात १२१ अंशाला दाबाखाली वाफ असते. कागदी फाइल आणि बफर धुवून होत नाहीत, ते एका क्लायंटपुरते. परवडत नाही असं वाटत असेल तर मेटलची पट्टी आणि वर चिकटवायचे कागद घ्या, पट्टी धुता येते, कागद टाकायचा.

एक गोष्ट लिफ्टिंगशी जोडलेली आहे म्हणून सांगते. उचललेल्या जागेवर नुसतं वरून जेल भरून देऊ नका. खाली ओलावा अडकतो, कधीकधी तिथे हिरवट डाग येतो, तो स्युडोमोनास नावाच्या बॅक्टेरियाचा असू शकतो. तसा डाग दिसला तर सगळं काढा, काही लावू नका, क्लायंटला डॉक्टरकडे पाठवा. आणि जेल लावल्यावर क्लायंटच्या नखाभोवती खाज, सूज आली किंवा नख खालच्या कातडीपासून (नेल बेडपासून) सुटायला लागलं, तर तिलाही जेल बंद, दुसऱ्या ब्रँडचं लावून बघूया म्हणून प्रयोग नको.

पैसे खर्च करायचेच तर माझ्या मते जेलला जुळणारा लॅम्प, मग एक उत्तम निपर आणि भरपूर फाइल्स-ग्लोव्हज, मग डस्ट कलेक्टर, ई-फाइल त्यानंतर. लेबल नसलेलं, घटक न लिहिलेलं काहीही घेऊ नका, विक्रेत्याकडे सेफ्टी डेटा शीट (घटक आणि धोके लिहिलेला कागद) मागा, द्यायला तयार नसेल तर तिथून निघा.

पुढचं नेमकं सांगायला मला तुमच्याकडून थोडी माहिती लागेल. लॅम्प आणि जेल कुठलं, ते एका कंपनीचं आहे का, लिफ्टिंग नखाच्या कुठल्या बाजूने सुरू होतं, अंगठ्यांचं जास्त होतं का, आणि तुमची खाज कुठल्या हाताच्या कुठल्या बोटांना आहे. एवढं लिहा. आणि डॉक्टरांची भेट होईपर्यंत स्वतःच्या नखांवर जेल लावू नका, ज्या क्लायंटना चालेल त्यांना साधं पॉलिश आणि बफ मॅनिक्युअर द्या, थोडं काम कमी होईल पण तुमच्या हातांना तेवढी उसंत मिळू दे.